मदत हवी आहे: जलरंग, स्केचिंग आणि घरात दोन लहान मुलं

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात सिंहगड रस्त्याला राहते. थोरला साडेचार वर्षांचा, धाकटी चौदा महिन्यांची. नोकरी अर्धवेळ, घरूनच. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिल्या तेव्हापासून जलरंग हातात आहेत. ते सुटू नयेत म्हणून हा धागा काढतेय.

स्केचिंगचं जमतं. वही आणि पेन ओट्यावरच असतं. धाकटी जेवताना तिची वरणभातात बुडालेली मूठ, थोरला ठोकळे लावत बसला की त्याची वाकलेली मान, असं काहीबाही रोज उतरतं. मध्येच उठावं लागलं तरी रेघ थांबली तिथून पुढे नेता येते, आणि अर्धवट राहिलेलं चित्रही वहीत वाईट दिसत नाही.

अडचण रंगांची आहे. ओला वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सपाट थर, एकदा टाकला की कागद आपल्यासाठी थांबत नाही. पाणी चकाकतंय तोवर दुसरा रंग सोडायचा. चकाकी जाऊन कागद नुसता दमट राहिला की ब्रश लांब ठेवायचा, नाहीतर वेड्यावाकड्या कडांचे डाग पडतात. मधली वेळ असते जेमतेम काही मिनिटांची आणि नेमकी तेव्हाच धाकटी उठते. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत, वर पंखा चालू असताना, तेवढीही मिळत नाही.

रात्री मुलं झोपल्यावर बसावं तर आमच्याकडे हॉलमध्ये पिवळा दिवा. त्या उजेडात कागदावरचा फिका पिवळा दिसतच नाही, मग आणखी टाकला जातो, आणि सकाळी खिडकीशी धरून बघावं तर झाडं भडक लिंबू रंगाची झालेली असतात.

"मुलं मोठी होईपर्यंत रंग बाजूला ठेव, पेन्सिल पुरे" असं मला बऱ्याच जणी प्रेमाने सांगतात. मला ते पटत नाही. ब्रशमध्ये पाणी किती, कागदावर किती, हा अंदाज हातालाच असतो आणि सराव तुटला की तो जातो. चार-पाच वर्षांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची माझी तयारी नाही.

तर विचारायचंय ते असं. मध्येच सोडून उठता येईल अशा बेताने जलरंगाचं चित्र तोडून कसं करता? धाकटी सगळं तोंडात घालते, तर कुठले रंग घरात उघडे नसावेत? थोरल्याला शेजारी बसवून रंगवणं खरंच जमतं का कुणाला? आणि रविवारी सकाळी नवरा मुलांना सांभाळायला तयार आहे; ती सकाळ घरी रंगात घालवावी की बाहेर स्केचिंगला जावं? सासूबाई आठवडाभर पुष्कळ करतात, त्यांच्यावर आणखी भार टाकायचा नाहीये.

प्रतिसाद १

धागा वाचत राहणार. माझी जुळी तीन वर्षांची आहेत. पेन्सिल पुरे म्हणणाऱ्यांना माझ्यातर्फेही नाही सांगा.

प्रतिसाद २

ताई, माझी मुलं आता नववीत आणि सहावीत आहेत. त्यांच्या लहानपणी रंग सोडले नव्हते, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी आकार कमी करा. बावीस बाय तीस इंचाच्या पूर्ण शीटचे आठ तुकडे केले की साडेसात बाय अकराचा कागद मिळतो. त्यावरचं आकाश दोन-तीन मिनिटांत होतं. ओल्यावर ओलं काम चित्रात एकदाच, तेही अगदी सुरुवातीला. बाकी सगळं सुकलेल्या थरावर, एकेक आकार घेऊन. घराचं छप्पर एक बैठक, सावल्या दुसरी बैठक. प्रत्येक थर पूर्ण सुकलाच पाहिजे, त्यामुळे मध्ये उठावं लागणं उलट फायद्याचं ठरतं.

कागदात काटकसर करू नका. शंभर टक्के कॉटनचा, ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे जाड) कागद पाणी धरून ठेवतो. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद लवकर आणि ठिगळासारखा सुकतो. कॉटनवर वॉश अर्धवट राहिला तर तो पूर्ण सुकू द्या, मऊ ब्रशने स्वच्छ पाणी फिरवा आणि पुढे चला. जोरात घासायचं नाही.

ट्यूबमधले रंग खणांच्या डबीत पिळून सुकवून ठेवा. ते गम अरेबिक या डिंकात बांधलेले असतात, पाणी लागलं की पुन्हा जागे होतात. डबी उघडली की काम सुरू. मांडामांडीतच वेळ गेला तर दुपारची झोप संपते.

आता विषारी रंगांचं, हे मनावर घ्या. ट्यूबवर बारीक अक्षरांत पिगमेंटचा, म्हणजे रंगद्रव्याचा, कोड असतो. पीवाय ३५, पीवाय ३७, पीओ २०, पीआर १०८ म्हणजे कॅडमियम. पीबी २८ आणि पीबी ३५ म्हणजे कोबाल्ट. हे धाकटी मोठी होईपर्यंत कुलपात. लाल हवा असेल तर पीआर २५४ छान चालतो. ब्रशचं टोक ओठांनी जुळवायची सवय असेल तर आजच बंद. आणि रंगाच्या पाण्याला घरातला पेला घेऊ नका, मूल तो उचलून तोंडाला लावणार. फिरकीच्या झाकणाची बरणी घ्या आणि उठताना झाकण लावा.

उजेडासाठी पांढरा एलईडी, ५००० ते ६५०० केल्व्हिनचा (हे उजेडाच्या रंगाचं माप), आणि सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० च्या वर. त्यात पिवळा पिवळाच दिसतो.

प्रतिसाद ३

वरच्या ताईंशी बहुतेक सहमत, पण रात्रीच्या दिव्यावर खर्च करण्याआधी एक करून बघा. रात्री फक्त एका रंगात रंगवा, सेपिया (गडद तपकिरी) किंवा पेन्स ग्रे (निळसर करडा). छायाप्रकाशाचा अभ्यास होतो, पाण्याचा हात टिकतो आणि दिवा पिवळा असला तरी बिघडत नाही. मी बाबा आहे, मुलगी दोन वर्षांची, आणि माझं सध्या हेच चालतं.

रविवारी मात्र बाहेर पडाच. घरात बसलात तर दार बंद असूनही कान मुलांकडेच राहतात. मंडईची अष्टकोनी मनोऱ्याची इमारत एकटं जायचं असेल तेव्हा, सकाळी लवकर. थोरल्याला न्यायचं असेल तर जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर लेणं. आवार रस्त्यापासून आत, झाडांची सावली, आणि तो गोल नंदीमंडप काढायला अप्रतिम आहे: जाड खांब, वर जड छत, मध्ये काळोख. वॉटरप्रूफ शाईच्या पेनने रेघा तिथेच काढायच्या, सावलीचा एक वॉश वॉटरब्रशने (दांड्यात पाणी भरलेला ब्रश) टाकायचा. बाकीचा रंग घरी आल्यावर, आठवडाभर थोडा थोडा.

प्रतिसाद ४

साडेचार वर्षांच्या मुलाला शेजारी बसवता येतं, पण त्याची ताटली, त्याचा ब्रश, त्याचं पाणी सगळं वेगळं हवं. तुमच्या रंगात तो ब्रश बुडवणारच, म्हणून त्याच्यासमोर तुम्हीही त्याचेच विद्यार्थ्यांचे रंग वापरा. मेणाच्या खडूने रेघोट्या मारून वरून पाणीदार रंग फिरवायला द्या. मेणावर रंग बसत नाही, हे बघण्यात मुलं रमतात. कागद जाड द्या. पातळ कागद भिजून फाटतो, मूल चिडतं आणि दोघांचंही चित्र तिथेच संपतं. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत जाड कागद मिळतो, एकदा जाऊन बघा. आपलं स्वतःचं चित्र त्या वेळी पूर्ण होईल ही अपेक्षा मात्र ठेवू नका.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. ट्यूब काढून बघितल्या, पीआर १०८ निघाला, तो कुलपात गेला. रात्री सेपिया लगेच सुरू करतेय, दिवा नंतर बघेन. रविवारी थोरल्याला घेऊन पाताळेश्वर. एकच राहिलं: पावसाळ्यात कागद तासन्‌तास ओला राहतो आणि तो आडवाच ठेवावा लागतो. एवढ्याशा घरात धाकटीच्या हाताला लागणार नाही असा कुठे ठेवता?

प्रतिसाद २

फळीवर चारही बाजूंनी टेप लावूनच रंगवायला घ्या, आणि उठताना फळीसकट फ्रीजवर, सपाट. पूर्ण सुकेपर्यंत टेप काढायचा नाही. रंगाची डबी पावसाळ्यात ओली असताना बंद करू नका, बुरशी येते. तीही तिथेच, उघडी.