रिकॉल आलं म्हणजे गाडी भंगार? एका पोस्टला (लांबलचक) उत्तर

गियरबदल:
काल आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका महाशयांनी पोस्ट टाकली. मारुतीने ग्रँड विटारा दोष दुरुस्तीसाठी परत बोलावली (ह्यालाच रिकॉल म्हणतात), नोव्हेंबर २०२५, ३९,५०६ गाड्या, पेट्रोलचा काटा चुकीचं दाखवू शकतो म्हणून. त्यावर ह्यांचा निकाल असा की "जी गाडी सारखी परत बोलवावी लागते ती भंगार, घेणारे मूर्ख, माझ्या गाडीला सहा वर्षांत एक रिकॉल नाही". खाली अंगठेच अंगठे. रात्री झोप लागेना म्हणून इथे लिहितोय.

अहो, ग्रँड विटाराला याआधीही आलेत. डिसेंबर २०२२ मध्ये पुढच्या सीट बेल्टची उंची कमीजास्त करायचा भाग, ब्रेझा-अर्टिगा-सियाझ-एक्सएल६ धरून ९,१२५ गाड्या. जानेवारी २०२३ मध्ये एअरबॅगचा कंट्रोलर (तिचा मेंदूच म्हणा), त्यात ऑल्टो के१० पासून सगळं खानदान, १७,३६२. तेव्हा कंपनीने स्वच्छ सांगितलं होतं की पार्ट बदलेपर्यंत गाडी चालवू नका. त्याच महिन्यात मागच्या सीट बेल्टचा ब्रॅकेट, ११,१७७ फक्त ग्रँड विटारा. हीच गाडी टोयोटा हायरायडर म्हणून विकते, बंगळूरजवळ बिडदीला एकाच कारखान्यात बनतात, तिलाही हे सगळं आलंच. आणि ज्यांना क्रेटा-सेल्टॉसचा लई अभिमान आहे त्यांच्यासाठी: फेब्रुवारी २०२४, ऑटोमॅटिक गियरबॉक्सच्या ऑइल पंपाचा कंट्रोलर, क्रेटा-व्हर्ना मिळून ७,६९८, सेल्टॉस ४,३५८.

म्हणजे सगळ्यांच्याच घरी मातीच्या चुली. ज्या गाडीला रिकॉलच नाही ती चांगली असेल, किंवा तिचं दुखणं कुणी बोलत नसेल. मला दुसऱ्या जातीची जास्त भीती वाटते.

मिस्त्री_नाही_मेकॅनिक:
+१. बॅच चुकते, सप्लायरचा एक लॉट खराब निघतो. वरच्या एअरबॅगवाल्या गाड्या ८ डिसेंबर ते १२ जानेवारी एवढ्या महिनाभरात बनलेल्या. तारखेवरून लॉट पकडता आला हेच मोठं काम आहे.

कोथरूडचा_कडवट:
छान वकिली! कंपनीने फी दिली का? नवीन गाडीत एअरबॅगचा मेंदू तपासून बसवायचं काम कुणाचं? वीस लाख मोजायचे आम्ही आणि टेस्टिंगही आम्हीच करायचं. आणि कंपन्यांचं हे "स्वेच्छेने परत बोलावतोय" वाचलं की तळपायाची आग मस्तकात जाते. १ एप्रिल २०२१ पासून नियम आहे, सात वर्षांच्या आतली गाडी असेल आणि पुरेशा तक्रारी आल्या तर सरकार सक्ती करू शकतं, दंड १ कोटीपर्यंत. सरकारने सक्तीने परत बोलवायला लावलेली एक तरी कार आठवते का तुम्हाला? तक्रारी वाहन पोर्टलवर करायच्या म्हणे. सामान्य माणूस पियूसी काढताना रडतो, तो पोर्टलवर जाणार?

गियरबदल:
फी नाही मिळाली, मिळाली तर पेट्रोल टाकेन, काटा बरोबर असेल तर. पोर्टलचं मान्य.

नाशिककर_दुसऱ्यांदा:
माझी गोष्ट ऐका. गाडी सेकंडहँड, कुठली ते सांगत नाही, उगाच कंपनीवाले अंगावर यायचे. घेतल्यावर आठ महिन्यांनी आधीच्या मालकाचा फोन, "अहो तुमच्या गाडीचं पत्र आमच्याकडे पडलंय, चहाच्या डब्याखाली होतं." पत्र चार महिने जुनं. स्टेअरिंगचा कुठलातरी भाग होता. मी तेवढ्या काळात कसारा घाट नऊ वेळा उतरलो होतो. वर्कशॉपमध्ये विचारलं की मला का नाही कळवलं, तर काउंटरवरचा पोरगा म्हणतो सर, सिस्टीममध्ये तुमचा नंबरच नाही. नंबर नाही तर वाढदिवसाचा मेसेज कसा येतो रे?? तेव्हापासून दर सर्व्हिसला चॅसिस नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघतो. दोन मिनिटं लागतात.

खड्डेग्रस्त:
आधी रस्ते रिकॉल करा.

कोथरूडचा_कडवट:
तरी बरं, मागच्या बेल्टचा ब्रॅकेट सैल पडला म्हणून फार बिघडलं नाही. मागे बेल्ट लावतं कोण? त्या ११,१७७ जणांपैकी दहा जणांना तरी ब्रॅकेट कुठे असतो ते माहीत असेल का.

स्टेपनी_ताई:
हे वाक्य तुम्ही विनोद म्हणून लिहिलंय का कडवट साहेब? ४ सप्टेंबर २०२२, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावरचा अपघात. उद्योगपती सायरस मिस्त्री ज्या गाडीत होते ती काही साधीसुधी गाडी नव्हती. मागे बसलेले दोघंही गेले, दोघांचेही बेल्ट नव्हते. पुढचे दोघं वाचले. त्यानंतर १ नोव्हेंबरपासून मुंबईत मागच्यांनाही बेल्ट सक्तीचा केला, पंधरा दिवस सगळे शहाणे झाले आणि मग ये रे माझ्या मागल्या.

कोथरूडचा_कडवट:
ताई, भावना समजतो पण प्रॅक्टिकल बोला. मागे तिघं बसतात, मांडीवर पोरगं, पायाशी आंब्याची पेटी, सासूबाई नऊवारीत. मधल्याला बेल्ट द्यायचा तर बाकीच्या दोघांना उभं करावं लागतं. शहरात चाळीसच्या स्पीडने काय होतंय?

स्टेपनी_ताई:
चाळीसच्या स्पीडने काय होतं ते सांगते. खंबाटकी संपवून खाली आलो, पुढे टेम्पोने अचानक ब्रेक मारला, मीही मारला. धडक नाही काही नाही, नुसता ब्रेक. आई मागे मधोमध बसून लाडवाचा डबा उघडत होती. ती दोन सीटच्या मधून थेट पुढे आली आणि हनुवटी गियरच्या दांड्यावर. खालचे दोन दात गेले. चाळीसही नसेल, पस्तीस असेल. डॅशबोर्डवर बुंदीचे दाणे आणि त्यात रक्त, मी अजून बुंदी खात नाही. तुमच्या सासूबाईंना नऊवारीतही बेल्ट लागतो, मी लावून दाखवते, या.

मिस्त्री_नाही_मेकॅनिक:
आणि मांडीवर पोरगं घेऊन बसणाऱ्यांना दंडवत. ब्रेक लागला की दहा किलोचं पोरगं हातात धरून राहील असं ज्याला वाटतं त्याने दहा किलोची तांदळाची गोणी घेऊन बसावं आणि बायकोला ब्रेक मारायला सांगावं.

कोथरूडचा_कडवट:
पर्सनल होऊ नका. माझ्या बायकोला मध्ये आणायचं कारण नाही.

मिस्त्री_नाही_मेकॅनिक:
बायकोचं नाव ड्रायव्हर म्हणून घेतलं, मान दिला. तुम्ही सासूबाईंना आणलंत ते चाललं का?

गियरबदल:
अरे धागा रिकॉलचा आहे...

नाशिककर_दुसऱ्यांदा:
रिकॉल राहू दे आता. मला सांगा, ते बेल्टच्या जागी खुपसायचं खोटं बक्कल किती जणांकडे आहे? आवाज बंद व्हावा म्हणून. खरं सांगा.

खड्डेग्रस्त:
माझ्याकडे आहे. टिंगटिंग डोक्यात जातं.

स्टेपनी_ताई:
वा! २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन दुकानांना ते काढायला लावलं, १३ हजारांवर जाहिराती उतरवल्या. तुमचं कुठून आलं?

खड्डेग्रस्त:
सीट कव्हरवाल्याने फुकट दिलं. त्यावर देवीचा फोटो पण आहे.

मिस्त्री_नाही_मेकॅनिक:
सीट कव्हरचं नाव काढलंत म्हणून. गॅरेजात रोज बघतो. शोरूममधून निघालेली गाडी सरळ कव्हरवाल्याकडे जाते आणि तो मागच्या तिन्ही बक्कलांवर रेक्झिन ताणून शिवून टाकतो. मालकाला चार वर्षं पत्ता नसतो. कंपनीने ब्रॅकेट फुकट बदलून दिला तरी बक्कल कव्हरच्या पोटात. आता ह्या केसमध्ये भंगार कोण, गाडी का मालक?

कोथरूडचा_कडवट:
सगळ्यांचं कव्हर तसं नसतं. आमचं कस्टम आहे, चांगल्या दुकानातलं.

स्टेपनी_ताई:
खाली जाऊन बघून या. आम्ही थांबतो.

(पाऊण तासाने)

कोथरूडचा_कडवट:
आलो बघून. उपहास करायचाय तर करून घ्या आत्ताच. दोन सापडली, ब्लेडने शिवण उसवावी लागली. एका बक्कलाच्या खाचेत भेळेचा लाकडी चमचा होता. तिसरं सापडत नाहीये. पण माझा मुद्दा कायम आहे, स्वेच्छेने वगैरे काही नसतं, कंपन्यांवर दंड बसलाच पाहिजे.

गियरबदल:
त्यावर माझंही कधीच दुमत नव्हतं.

कोथरूडचा_कडवट:
मग पहिल्याच प्रतिसादात बोलायचं होतं. चॅसिस नंबर कुठे लिहिलेला असतो हो? आरसीवरचा धुवून गेलाय.

नाशिककर_दुसऱ्यांदा:
इन्शुरन्सच्या कागदावर बघा. मिळाला की साइटवर टाका, आणि चहाच्या डब्याखाली पण बघा एकदा.