मदत हवी आहे: तुसाची राख टाकली की पेव्हर ब्लॉकच्या कडा झडतात

गोंदियावाला: पेव्हर ब्लॉकचा छोटा कारखाना आहे. राइस मिलमधून तुसाची राख फुकट मिळते म्हणून सिमेंट थोडं कमी करून ती टाकून राहिलो. आता ब्लॉकच्या कडा हातानं झडतात. राख किती टाकायची तेवढंच सांगा जी, सोमवारी माल द्यायचा आहे.

साइटवरचा: थोडं म्हणजे किती? सिमेंट ओपीसी, म्हणजे साधं, की पीपीसी, म्हणजे मिश्र?

गोंदियावाला: नेहमीचंच सिमेंट. पाव भाग कमी केलं.

वाडेकर: पूर्वी चुन्यात गूळ न् हिरडा घालत. आमच्या वाड्याच्या भिंतीत आजही खिळा जात नाही. थोडं गुळाचं पाणी घालून बघा.

साइटवरचा: अजिबात घालू नका! साखर गेली की सिमेंट घट्ट व्हायला उशीर करतं. चुन्याची गोष्ट वेगळी.

वाडेकर: डिप्लोमावाल्यांना जुनं काही पटायचंच नाही.

राखाडी: राखेचा रंग कोणता? काळी असेल तर त्यात न जळालेला कार्बन आहे. ती पाणी पिते, मिक्स कोरडं पडतं, मग पोरं वरून पाणी ओततात आणि ताकद जाते. तूस फार तापवून जाळलं तरी राखेतली सिलिका स्फटिक होऊन बसते, सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्याशी तिची क्रिया होत नाही. दळली का?

गोंदियावाला: काळीच आहे. राख काय दळायची?

मिलमालक: फुकट का घालवता? पोलाद कारखाने घेतात, वितळलेल्या पोलादावर पसरतात, उष्णता टिकते.

गोंदियावाला: मला विकायची नाही हो! पोतं बघितलं, पीपीसी लिहिलंय. टक्के सांगा ना कोणी.

साइटवरचा: मग तिथंच घोडं पेंड खातंय. पीपीसीत कंपनीनंच १५ ते ३५ टक्के कोळशाची राख, म्हणजे फ्लाय अ‍ॅश घातलेली असते. राखेला लागणारा चुना सिमेंटमधूनच सुटतो, त्यावर आधीच एक वाटेकरी बसलाय. सोमवारचा माल राखेशिवाय काढा. नंतर ओपीसी आणि बारीक दळलेली राख, १० टक्क्यांपासून. २८ दिवस पाण्यात ठेवून लॅबमध्ये दाबून बघा. काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस ४५६ मध्ये, तुसाची राख बसते, पण गुणवत्ता सारखी हवी आणि मंजुरीही.

राखाडी: पेव्हरला १० जास्त होतं. पाचपासून.

साइटवरचा: दळलेली असेल तर नाही होत.

गोंदियावाला: २८ दिवस??

ऊसकरी: आमच्याकडे साखर कारखान्याची बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची, राख आहे. अंगणाच्या कोब्यात चालेल का?