मदत हवी आहे: गोदाम भरलेलं, तरी ऑर्डरी अडकतात

तिखटवाला_कोल्हापूर: कांदा-लसूण मसाल्याचं छोटं युनिट आहे. दर महिन्याला माल कमी पडतो, गेल्या आठवड्यात तीन दुकानदारांच्या ऑर्डरी गेल्या नाहीत. प्लॅनिंग कसं बसवायचं? लवकर सांगा, लग्नसराई तोंडावर आहे.

हिशेबी: नक्की काय कमी पडतं?

तिखटवाला_कोल्हापूर: अहो माल! २०० ग्रॅमचा.

टॅलीप्रेमी: टॅली सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक आयटमला रीऑर्डर लेव्हल, म्हणजे किती उरलं की नवी ऑर्डर द्यायची तो आकडा, टाका, विषय संपला.

बेकरीवाली: एंट्री रोज कोण करणार ते पण टॅलीच सांगते का? आमच्याकडे भिंतीवर खडूने लिहितो, चुकत नाही.

रानमेवा: फेब्रुवारी-मार्चात ब्याडगीच्या बाजारातून वर्षाची मिरची उचला, कोल्ड स्टोरेजला टाका. रंग टिकतो.

गडहिंग्लजकर: नुसत्या ब्याडगीला रंग असतो, तिखटपणा नाही. संकेश्वरी घालता की नाही?

हिशेबी: कोणी रेसिपी विचारली आहे का? तिखटवाले, मसाला संपतो की पाकीट?

तिखटवाला_कोल्हापूर: पाकीट. मसाला पिंपात पडून आहे. छापून यायला २५ दिवस लागतात.

हिशेबी: हे पहिल्याच ओळीत लिहायचं ना! रोज किती पाकिटं जातात?

तिखटवाला_कोल्हापूर: सरासरी ५००.

हिशेबी: मग २५ दिवसांची १२,५००. प्रिंटर दहा दिवस उशीर करणारच, त्याची ५,०००. म्हणजे १७,५०० उरली की त्याच दिवशी ऑर्डर. लग्नसराईत खप वाढला की आकडाही वाढवा. तुम्ही किती उरल्यावर देता?

तिखटवाला_कोल्हापूर: शेवटचा गठ्ठा फोडला की.

बेकरीवाली: 😀 तोवर साधं पाऊच आणि स्टिकर वापरा. स्टिकरवर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेचा) लायसन्स नंबर विसरू नका. किंमत आणि तारीख पाकिटावर आधी छापून घेऊच नका, भाव बदलला की सगळा गठ्ठा वाया.

टॅलीप्रेमी: टॅलीत असतं तर वेळेत कळलं असतं.

तिखटवाला_कोल्हापूर: कळतं हो मला! प्रिंटर निम्मा ॲडव्हान्स मागतो, तो कुठून देऊ? यंदा असंच कोणाचं तरी ऐकून वर्षाची मिरची भरली. सगळा पैसा पोत्यांत.

हिशेबी: रानमेवा, वाचताय ना?

रानमेवा: मिरची चांगलीच घेतलीत. थोडी विकायची आहे का? किती पोती आहेत?