पाय मोडलाय, गाडी बंद. कोल्हापुरात गाडीशिवाय कसं फिरता? (अनुभव धागा)

गाडी डबल स्टँडला लावताना माझ्याच घोट्यावर पडली. सहा आठवडे प्लॅस्टर. घर शिवाजी पेठेत, दुकान शाहूपुरीत, मध्ये जेमतेम अडीच-तीन किलोमीटर. हे अंतर मोजायची वेळच आजवर आली नव्हती. किक मारली की मिरजकर तिकटी, बिंदू चौक, लक्ष्मीपुरी, व्हीनस कॉर्नर, दुकान. पहिला आठवडा मेव्हण्याच्या मागं बसून काढला. आता मेव्हणा फोन उचलत नाही.

कोपऱ्यावर दूध आणायलाही गाडी काढणारी आपली जात. पण घरटी एखादं माणूस असतंच की, गाडी न चालवणारं. तुम्ही कसं फिरता? केएमटी (शहराची बस), रिक्षा, वडाप (सीटवारी जीप), सायकल, पायी, काहीही. सल्ला नको, घडलेलं सांगा.

कसबा बावडा, निवृत्त शिक्षिका

नोकरीची सगळी वर्षं केएमटीनं गेले. गाडी शिकायचा प्रयत्न एकदाच केला, लाइन बझारच्या मैदानाजवळ. भाऊ मागं पळत होता, त्याचंच ढोपर फुटलं. तो विषय तिथंच संपला.

बसचं गणित वेळापत्रकावर कमी आणि माणसांवर जास्त. आमच्या स्टॉपवर एक मावशी माळव्याची (भाजीची) पाटी घेऊन कपिलतीर्थच्या मंडईला जायच्या. त्या उभ्या दिसल्या की बस गेलेली नाही. दिसल्या नाहीत की घाईनं रिक्षा बघायची. मावशींना माझं नाव माहीत नव्हतं, मला त्यांचं नाही. पण एकदा मी चार दिवस तापानं घरी होते, तर पाचव्या दिवशी कोथिंबिरीची जुडी हातात देऊन म्हणाल्या, "बाई, कुटं हुता? मला वाटलं बदली झाली." पाटी वर घ्यायला कंडक्टर हात लावायचे आणि माझी सीट धरायची मावशींनी, हा करार कुणी न बोलता झालेला. सुट्टे पैसे मात्र जवळ ठेवा. बाकी काही लागत नाही.

शिरोली एमआयडीसी, फाउंड्री

आमचं सगळं वडापवर. तावडे हॉटेलच्या पुढं जायचं तर वडापला पर्याय नाही, असं निदान आमच्या शिफ्टची पोरं तरी धरून चालतात. भरल्याशिवाय निघत नाही. आणि "भरली" कधी म्हणायचं हे ड्रायव्हर ठरवतो. त्याच्या शेजारच्या सीटवर दोघं आधीच असतात, तिसरा मी. गिअरचा दांडा माझ्या गुडघ्यांमध्ये. दुसरा गिअर टाकायचा असला की मामा म्हणणार, "पाय घे रं भावा." हे रोज. लग्नानंतर बायको एकदा शेजारी बसली होती, घरी आल्यावर म्हणाली, तुम्ही रोज गाडी चालवायला मदत करता व्हय?

खरी पंचाईत पावसाळ्यात. पंचगंगेच्या पलीकडं कंपनी, अलीकडं घर. 2019 च्या ऑगस्टात राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ हायवेच बुडाला. वडाप नाही, एसटी नाही, ट्रकांची रांग नुसती. मी अडकलो ते कंपनीकडच्या बाजूला. एका मित्राच्या खोलीवर सहाजण, एक स्टोव्ह. तेव्हापासून जुलै उजाडला की डबा भरायच्या आधी बंधाऱ्याची पातळी बघतो. 39 फूट इशारा, 43 धोका. 39 झाली की दोन दिवसांचे कपडे पिशवीत. गाडी असती तरी काय उपयोग होता, सांगा.

कागलहून रोज येणारी, बँकेत

मी एसटीनं येतो. (बाईच आहे, आमच्याकडं असंच बोलतात.) मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट झालं आणि माझ्या घरातली स्कूटी नवऱ्याकडं गेली. तो खूश, मी पण खूश. हायवेवर वाऱ्यानं ओढणी सांभाळत यायचं, त्यापेक्षा खिडकीला टेकून वीस मिनिटं झोप मिळते. सीबीएसवर (मुख्य एसटी स्टँडवर) उतरून पुढं चालतच. सासूबाईंनी पंचाहत्तरी ओलांडलीय, त्यांना फुकट. त्या आता महिन्यातून दोनदा अंबाबाईला येतात. "जरा जाऊन येतो" म्हणतात आणि संध्याकाळी चप्पल लाइनमधून कुणासाठी तरी चप्पल घेऊन येतात. देवी निमित्त हो.

वडणगे

दूधवाल्याच्या मागं. गंगावेशीत दूध घालायचं असतं, त्यामुळं तो कधी चुकत नाही. दोन्ही बाजूला किटल्या, मध्ये मी. शिवाजी पूल येईपर्यंत पँट दुधानं ओली. भाडं नाही.

राजारामपुरी, रिक्षाचालक

सगळ्यांनी रिक्षाला शेवटचा पर्याय केलाय, म्हणून लिहितो. सकाळी शाळेची पोरं, दुपारी दवाखान्याची माणसं, रात्री स्टेशन. पोरांची दप्तरं बाहेरच्या हुकाला. एका पोराचा डबा आठवड्यातनं दोनदा गाडीतच राहतो. मग मी परत शाळेत, शिपायाकडं डबा, शिपाई हसतो. हे मीटरमध्ये कुठं धरायचं?

प्लॅस्टरवाल्या भावाला एक सांगतो. पुढं तोंड करून बसू नका, पाय कुठं ठेवायचा ते कळत नाही आणि खड्ड्यात जीव जातो. आडवं बसायचं, पाठ एका बाजूच्या पडदीला, मोडका पाय लांब सीटवर, खाली घडी केलेलं पोतं. मी पोतं गाडीत ठेवतोच. आणि पाऊस असला तर परीख पुलाखालनं नेऊ नका असं ड्रायव्हरला आधीच सांगा. तिथं वरनं रेल्वे आणि खालनं तळं. एकदा बंद पडलो होतो. गिऱ्हाईकाला पाठीवर घेऊन बाहेर काढलं, पायात मोजेसुद्धा भिजले नाहीत त्याचे. माझे गुडघ्यापर्यंत. रिक्षा सुंदरी स्पर्धेला सजवलेली गाडी होती ती. आरशाच्या झालरीत चिखल गेलेला काढायला टूथब्रश लागला.

शाहू मिलचा जुना कामगार

सायकल. मिलचा भोंगा झाला की रस्ताभर घंट्याच घंट्या. मिल 2003 ला बंद पडली, सायकल अजून आहे. टाकाळ्याचा चढ पूर्वी बसून चढायचो, आता उतरून. एवढाच फरक.

रुकडी, कॉलेज

मिरजेकडनं येणारी पॅसेंजर, महिन्याचा पास. लाइन 1891 ची आहे म्हणे. आमच्या डब्यातल्या काकांचं बोलणंही तेव्हाचंच. राजकारण रुकडीत सुरू होतं, स्टेशनात उतरल्यावरही संपत नाही.

पापाची तिकटी

पायी. रविवारी महाद्वार रोडवर गाडी असली तरी ती ढकलतच न्यावी लागते. मग ओझं कशाला?

शिवाजी पेठ (धागा काढणारा)

काल आडवं बसून रिक्षानं दवाखान्यात गेलो. पोतं नव्हतं, घरनं सतरंजी नेली. त्रास झाला नाही. रिक्षावाल्या मामांना नमस्कार.

आज धाडस करून मिरजकर तिकटीवर बस धरली. कुबडी आधी आत, मग मी, मागनं कुणीतरी कंबरेला हात लावून वर ढकललं. वळून बघितलं तर शाळकरी पोरगी. कंडक्टरनं पुढची सीट रिकामी करून दिली, सुट्टे होते. खिडकीतनं पहिल्यांदा लक्षात आलं की रोज ज्या रस्त्यानं जातो त्याला वरचे मजलेपण आहेत. एका गॅलरीत पिंजरा, त्यात पोपट. किती वर्षांचा असेल कुणास ठाऊक.

दसरा चौकाच्या सिग्नलला बस थांबली. खाली, अगदी खिडकीच्या खाली, मेव्हणा गाडीवर. मागची सीट रिकामी. हाक मारली. त्यानं वर बघितलं, हेल्मेटची काच वर केली आणि म्हणाला, "अहो भावजी, फोन सायलेंटवर हुता."