मदत हवी आहे: कोलायटिस शांत आहे, मग कोलोनोस्कोपी परत कशाला?

मनवा: भावाला कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज) आहे, गोळ्या चालू आहेत, सध्या त्रास शून्य तरी डॉक्टर म्हणतात परत कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठं आतडं बघणं) करू, कॅन्सरसाठी बघायला लागतं. सुजेचा आणि कॅन्सरचा काय संबंध?? भाऊ ऐकायलाच तयार नाही. लवकर सांगा प्लीज.

खटपट्या: कोलायटिस कुठला? किती वर्षं झाली? सूज कुठपर्यंत आहे?

निवांत: माझ्या मेव्हण्याला कितीतरी वर्षं आयबीएस (सारखं पोट बिघडण्याचा त्रास) आहे, काही झालं नाही. टेन्शन घेऊ नका.

खटपट्या: निवांत, आयबीएस वेगळं हो. त्यात अशी सूज नसते आणि त्याने कॅन्सरचा धोकाही वाढत नाही. उगाच गोंधळ नको.

मनवा: अल्सरेटिव्ह. नऊ वर्षं होतील. रिपोर्टवर पॅनकोलायटिस लिहिलंय.

सई_लॅब: मग डॉक्टरांचं बरोबर आहे. लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण ८ वर्षांनी ही तपासणी सुरू करतात, सूज फक्त गुदाशयापुरती असेल तर सहसा गरज नसते, पण इथे पूर्ण मोठं आतडं आहे. सुजेत अस्तर सारखं झिजतं आणि सारखं नवं बनतं, त्यात सुजेतल्या पेशी जी रसायनं सोडतात त्यांनी डीएनएला मार बसतो, पी५३ सारखा राखण करणारा जीन लवकर बिघडतो आणि खराब पेशी टिकून राहतात. तो डिस्प्लेशिया, कॅन्सरच्या आधीची पायरी. त्याचं दुखत खुपत काही नाही! एरवी पॉलिप (अस्तरावरचा कोंब) उठून दिसतो, इथे बरेचदा सपाट असतं, म्हणून रंग फवारून बघतात, तपासायला अस्तराचे छोटे तुकडे काढतात.

आरोग्यमित्र: गोळ्या बंद करून प्रोबायोटिक द्या, मूळ कारणच जाईल.

खटपट्या: कृपा करून असले सल्ले देऊ नका. सूज दबलेली राहिली तरच धोका कमी होतो, गोळ्या त्यासाठीच आहेत.

बंडू७: मूळव्याधीचं ऑपरेशन लेझरने करावं का?

सई_लॅब: बंडू७, वेगळा धागा काढा. मनवा, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर? लिव्हरचे रिपोर्ट कसे आहेत?

मनवा: घरात नाही. लिव्हरच्या रिपोर्टमध्ये अल्कलाइन फॉस्फेटेज मागे दोनदा वाढलेलं होतं, त्याचं काय?

सई_लॅब: अगं हे आधी सांगायचं ना! कारणं बरीच असतात, पण कोलायटिससोबत पित्तनलिकांचा पीएससी (त्या सुजून अरुंद होत जातात तो आजार) नाही ना हे बघावंच लागतं. तो निघाला तर ८ वर्षं थांबत नाहीत, निदानापासूनच दरवर्षी कोलोनोस्कोपी. दोन्ही रिपोर्ट डॉक्टरांना दाखव.

मनवा: उद्याच दाखवते. पण पोट साफ करायचं ते औषध तो पिणारच नाही म्हणतोय.

खटपट्या: अर्धं रात्री, अर्धं सकाळी चालेल का विचारा. तसं बरंच सोपं जातं आणि पोटही नीट साफ होतं.