सल्काटा कासवाच्या पिलासाठी तळाला काय अंथरावे आणि घर कुठे करावे?

टिळकवाडीकर (प्रश्न)

नमस्कार. कोल्हापूरच्या मामेभावाकडून बेळगावात आमच्याकडे सल्काटा जातीचे, तळहातावर मावेल एवढे कासवाचे पिल्लू आले आहे. हस्तांतराची नोंद केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर झाली आहे, त्यामुळे कागदपत्रांची अडचण नाही. अडचण आहे ती त्याच्या जागेची. सध्या ते माशांच्या जुन्या काचेच्या टाकीत आहे आणि तळाला नदीची बारीक वाळू आहे, कारण हे वाळवंटातले जनावर असल्यामुळे त्याला कोरड्यातच ठेवावे, असे दुकानदाराने भावाला सांगितले होते. पिल्लू दिवसभर काचेला नाक घाशीत एकाच कडेने फिरत राहते. वाळूऐवजी वखारीतला लाकडाचा भुसा घालावा, असे वडिलांचे म्हणणे आहे. परसात पत्र्याची शेडही रिकामी आहे. मृग लागण्यापूर्वी सोय करायची असल्याने विचारतो: तळाला काय घालावे, आणि पिल्लू घरात ठेवावे की शेडमध्ये?

खानापूर रस्ता

दुकानदाराने सांगितले ते अर्धेच खरे आहे. सल्काटा सहाराच्या दक्षिणेकडील साहेल पट्ट्यातले, म्हणजे सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या रखरखीत मुलखातले कासव आहे खरे. पण तिथला कडक उन्हाळा ते जमिनीखालच्या लांब बिळात काढते आणि बिळातली हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी दमट असते. पिल्ले तर दिवसाचा बहुतेक वेळ आडोशाला किंवा मातीत अर्धवट पुरून घेऊनच काढतात. त्यांना सतत कोरड्या हवेत वाढवले की कवचाचे खवले सपाट न वाढता एकेक उंचवटा होऊन वर येतात. ऑस्ट्रियातील संशोधकांनी याच जातीच्या पिलांवर केलेला अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. आहारातील प्रथिनांपेक्षा हवेतील दमटपणाचा परिणाम त्यात कितीतरी मोठा दिसला. असा उंचवटा एकदा आला की पुन्हा सपाट होत नाही.

म्हणून वाळू काढून टाकावी. ती ओल धरत नाही, आणि पाल्याला चिकटून पोटात गेली तर आतड्यात साचून मार्ग अडवते. तिच्या जागी खत न घातलेली साधी माती आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) निम्मे निम्मे मिसळून किमान चार बोटे जाडीचा थर द्यावा. कोकोपीटच्या स्वस्त विटांत मीठ राहिलेले असते, तेव्हा ते दोन-तीन पाण्यांतून काढून घ्यावे. मिश्रण मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये, एवढी ओल पुरे. आमच्या बाजूची तांबडी माती एकटीच घातली तर वाळून कडक होते आणि तिची धूळ डोळ्यांत जाते. कोकोपीटबरोबर मात्र तीच उत्तम चालते. गोकाक-अथणीकडची काळी माती टाळलेली बरी, कारण ओली झाली की ती पायांना लपेटते आणि सुकली की भेगाळते.

यात एक पथ्य फार महत्त्वाचे आहे. पिलाला ओल चालते, गारठाही थोडा वेळ चालेल, पण दोन्ही एकत्र आले की नाक वाहू लागते आणि तिथून फुप्फुसाच्या आजाराला वेळ लागत नाही. ओल्या थरावर ठेवलेल्या पिलासाठी रात्रीचे तापमान २५ ते २६ अंशांच्या खाली जाऊ देऊ नये. आपल्याकडे जुलैतली झड आणि डिसेंबर-जानेवारीतल्या रात्री पाहता पत्र्याच्या शेडमध्ये हे साधणार नाही, आणि एप्रिलच्या दुपारी तीच शेड भट्टीसारखी तापेल. पहिली काही वर्षे पिल्लू घरातच ठेवावे.

निपाणीचा वाचक

भुशाबद्दल लिहितो. देवदार, चीड अशा वासाच्या लाकडांच्या भुशातील तेलांनी कासवाच्या श्वसनमार्गाला त्रास होतो, आणि वखारीतला भुसा कोणकोणत्या लाकडांचा मिळून झाला आहे हे वखारवालाही सांगू शकत नाही. शिवाय ओला भुसा लवकर बुरसतो. उसाच्या चिपाडाचा चुरा आमच्या भागात हवा तेवढा मिळतो, पण ओलीत तो आंबतो आणि त्यावर बुरशी धरते. भाताचे तूस हलके असल्यामुळे डोळ्यांत आणि तोंडात जाते. तंबाखूच्या वखारीतला गाळ तर कोंबड्यांच्या खुराड्यात पिसवांसाठी टाकतात म्हणून कासवाखालीही घालण्याचा विचार कोणी करील, तर तो सोडून द्यावा; निकोटीन हे विषच आहे. माती आणतानाही ऊस किंवा द्राक्षाच्या शेतातली आणू नये, कारण तिच्यात थिमेटसारख्या कीटकनाशकांचा अंश राहिलेला असू शकतो. पडीक माळावरची किंवा जुन्या झाडाखालची माती चाळून घ्यावी.

खाणे कधीही मातीवर टाकू नये. शहाबादी फरशीचा वीतभर तुकडा एका कोपऱ्यात बसवून त्यावर पाला ठेवावा; माती पोटात जात नाही, फरशी पुसून घेता येते आणि त्यावर चोच व नखेही झिजत राहतात.

टिळकवाडीकर

दोघांचेही आभार. आणखी दोन शंका आहेत. ओल्या थरावर बुरशी आली तर काय करावे? आणि काचेची टाकीच वापरली तर चालेल का, की ती बदलावीच लागेल?

खानापूर रस्ता

पाणी वरून शिंपडण्याऐवजी कोपऱ्यांत ओतावे, म्हणजे खालचा थर ओला राहतो, वरचा जवळजवळ कोरडा राहतो आणि पोटाकडचे कवच सतत भिजून कुजत नाही. विष्ठा रोज काढावी आणि थर मधूनमधून हाताने वरखाली करावा. एवढे केले की बुरशी सहसा टिकत नाही.

टाकी बदलाच. कासवाला काच ही अडथळा आहे हे उमगत नाही, पलीकडचे दिसते म्हणून ते तिकडे जाऊ पाहते; तुमचे पिल्लू नाक घासते ते त्यामुळेच. भिंती अपारदर्शक असलेली, निदान चार फूट बाय दोन फुटांची लाकडी पेटी सुताराकडून करून घ्यावी आणि आतून ओल न शोषणारा रंग देऊन तो पूर्ण सुकू द्यावा. एका टोकाला वरून दिवा लावून तिथे ३५ ते ३८ अंश ठेवावेत, दुसऱ्या टोकाला २६-२७, म्हणजे पिल्लू आपली जागा स्वतः निवडते. तापणारे दगड किंवा खालून ऊब देणाऱ्या गाद्या नकोत. कासवाला पोटाखालचा चटका वेळेवर कळत नाही. रात्री उजेड न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटला (ठरलेल्या तापमानाला आपोआप चालू-बंद करणाऱ्या यंत्राला) जोडावा. तापमापक भिंतीवर उंच न टांगता कासवाच्या पाठीच्या उंचीवर लावावा, नाहीतर आकडा भलताच दिसतो. वीज गेल्यास पेटीवर घोंगडी टाकून, हवेला फट ठेवून, गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून आत ठेवल्यास काही तास निभावते.

हाडांसाठी लागणारे उन्हातले यूव्हीबी (अतिनील) किरण खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत. ऊन असेल तेव्हा सकाळी अर्धा तास अंगणात, सावलीची सोय ठेवून आणि नजरेसमोर ठेवावे. पावसाळ्यात मात्र यूव्हीबीची नळी लागेलच. ती जळत दिसली तरी किरण कमी होत जातात, म्हणून उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत बदलावी.

गोकाकचा रहिवासी

पुढचाही विचार आत्ताच व्हावा, कारण मुख्य भूमीवरच्या कासवांत ही सर्वांत मोठी जात असून पूर्ण वाढलेला नर ५० किलोच्या आसपास जातो. तो बिळे खणतो आणि आपल्या पावसात बीळ पाण्याने भरते किंवा ढासळते, तेव्हा मोठेपणी उंच जोत्यावर बांधलेली, ऊब देता येईल अशी खोली रात्रीसाठी लागेल. आवाराला तारेचे कुंपण नको. खानापूरकडच्या जांभ्या चिऱ्याची भिंत, पाया दोन फूट खोल आणि आतून गिलावा केलेली, सर्वांत सोयीची. आवारात कण्हेर आणि घाणेरी ठेवू नये. हरळी मात्र भरपूर वाढू द्यावी.

इतर वाचकांसाठी एक गोष्ट: हे सगळे परदेशी, नोंदणीकृत कासवापुरतेच आहे. माळावर सापडणारे तारांकित कासव वन्यजीव कायद्याच्या २०२२ मधील दुरुस्तीनंतर पहिल्या अनुसूचीत आहे. ते पाळणे गुन्हा आहे, मग तळाला कितीही चांगली माती घातलेली असो. विहिरीत सोडण्यासाठी धरून आणली जाणारी आपली पाण्यातली कासवेही त्याच कायद्याने संरक्षित आहेत. असे कासव कोणाकडे असेल तर ते परस्पर ओढ्यात किंवा माळावर न सोडता जवळच्या वन कार्यालयात द्यावे.