दक्षिण चीन समुद्रावरची टेहळणी: हक्क की कुरापत?

दर्यावर्दी:
मे २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाचं पी-८ विमान दक्षिण चीन समुद्रावर टेहळणी करत होतं. चीनचं लढाऊ विमान जे-१६ त्याच्या पुढ्यात आलं आणि चॅफ सोडून मोकळं झालं. चॅफ म्हणजे रडारला चकवायला हवेत उधळतात तो बारीक चुरा. त्यातला काही थेट इंजिनात गेला! ही शुद्ध दांडगाई आहे. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारानुसार सार्वभौम हद्द १२ सागरी मैलांपर्यंतच. पुढे २०० मैलांपर्यंत मासे नि तेल त्या देशाचं, आकाश सगळ्यांना मोकळं. मग उडू द्या की.

वाकडीवाट:
ही विमानं ढग बघायला जात नाहीत हो. पी-८ पाण्यात सोनोबॉय, म्हणजे पाण्याखालचे आवाज टिपणारी तरंगती यंत्रं, टाकून पाणबुड्यांचा माग काढतं, आणि या समुद्राच्या उत्तरेला हैनान बेटावर चीनच्या अणुपाणबुड्यांचा तळ आहे. रोज कुणी तुमच्या दाराला कान लावून बसलं, तर रस्ता सरकारी आहे म्हणून गप्प बसाल? शिवाय ज्या कराराचे दाखले अमेरिका जगाला देते, तो तिने स्वतः अजून मंजूरच केलेला नाही.

दर्यावर्दी:
कान लावण्यात चीन कुठे मागे आहे? २०१४ च्या रिमपॅकला, म्हणजे अमेरिकेच्या पुढाकाराने होणाऱ्या अनेक देशांच्या नौदल सरावाला, त्याची चार जहाजं निमंत्रणावरून गेली, आणि हेरगिरीचं पाचवं हवाईजवळ बिनबोलावता. अमेरिकेने त्याला हात लावला नाही.

भरतीओहोटी:
दोघेही दोन वेगळे वाद एकत्र कालवताय. एक, हद्द कुणाची. चीन नकाशावर नऊ तुटक रेघा ओढून जवळजवळ सगळा समुद्र आपला म्हणतो. फिलिपिन्सने नेलेल्या खटल्यात २०१६ च्या लवादाने त्या रेघांच्या आतल्या ऐतिहासिक हक्काचा दावा फेटाळला. मिसचिफ आणि फायरी क्रॉस हे चीनने भराव घातलेले तिथले दोन रीफ, म्हणजे प्रवाळखडक. मिसचिफ रीफ मुळात भरतीला बुडणारा, त्यामुळे वर कितीही भराव घाला, त्याला हद्द मिळत नाही. फायरी क्रॉसचा काही भाग मात्र भरतीतही वर राहतो, म्हणून तो 'खडक' ठरला. त्याला १२ मैल मिळतात. तिथे जहाजाला निरुपद्रवी प्रवासाची सवलत आहे, विमानाला तीही नाही.

दुसरा वाद २०० मैलांतल्या सैनिकी हालचालींचा, आणि इथे आपलीच पंचाईत आहे. १९९५ मध्ये करार मंजूर करताना भारतानेही म्हटलं होतं की या पट्ट्यात परक्या सैन्याने संमतीशिवाय सराव करू नये. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेची विनाशिका लक्षद्वीपच्या पश्चिमेला १३० मैलांवरून परवानगी न घेता गेली, आणि वर तसं जाहीरही केलं! आपण निषेध नोंदवला. मग चीनने नोंदवला तर तेवढी दांडगाई कशी?

दर्यावर्दी:
आपण निषेधच नोंदवला, कुणाच्या इंजिनात चुरा नाही टाकला. आणि भारताचं म्हणणं सराव आणि शस्त्रांबद्दल आहे, नुसत्या उडण्याबद्दल नाही.

वाकडीवाट:
उद्या चीनचं टेहळणी विमान अंदमानपासून ५० मैलांवर घिरट्या घालू लागलं की हाच फरक पुन्हा समजावून सांगा. वाट बघतोय.